पार्थेनिसचं ‘कालामाताचं बंदर’: उसनं काम की पक्कं चित्र?

रंगपेटी: ग्रीक चित्रकार कॉन्स्टँटिनोस पार्थेनिसचं (१८७८–१९६७) ‘कालामाताचं बंदर’ हे १९११चं तैलचित्र अथेन्सच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्र देखणं आहे, पण उधारीचं. जन्म अलेक्झांड्रियाचा, शिक्षण व्हिएन्नात डीफेनबाख या जर्मन चित्रकाराकडे, मग पॅरिस. पाण्यावरचे तुटक फटकारे तिथूनच आलेत. खरा पार्थेनिस पुढच्या काळातला, विरळ, जवळजवळ पारदर्शक रंग लावणारा.

तिरपा ब्रश: उधारी कुणाची नसते? आधीच्या पिढीतला ग्रीक सागरचित्रकार वोलानाकिस म्युनिकमध्ये पिलोटी या जर्मन चित्रकाराकडे शिकला. त्याची बंदरं सोनेरी-तपकिरी आहेत. कालामाता हे शहर ग्रीसच्या दक्षिणेला, मेसिनियाच्या आखाताच्या टोकाशी आहे. तिथल्या कोरड्या उन्हात पाण्यावरून आणि दगडी धक्क्यावरून उलटणारा उजेड सावलीत शिरतो. तिथे तपकिरी सावली चालतच नाही, निळी-जांभळीच लागते. पार्थेनिसने पॅरिसची, तुटक फटकाऱ्यांची आणि रंगीत सावल्यांची रीत उचलली ती या अडचणीपायी.

रंगपेटी: अडचण जागेची असेल, उत्तर तरी त्याचं स्वतःचं कुठे आहे? फटकाऱ्यांखालची रचना अजून सैलच वाटते.

जवसतेल: रचना सैल आहे का, हे नक्कल करताना कळतं. ४० × ५० सेंटिमीटरचा कॅनव्हास, सहा नंबरचा चपटा ताठ केसांचा ब्रश. आधी फिकट गेरूचा पातळ हात देऊन तो पूर्ण सुकू द्या. मग उजेड आणि सावली असे दोनच गट मांडा. डोळे बारीक केल्यावर गट वेगळे दिसले नाहीत तर पुढे जाऊ नका. फटकारा एकदाच ठेवायचा. ओल्या निळ्यावर नारिंगी घासलात की राखाडी चिखल होतो, म्हणून दोन फटकाऱ्यांमध्ये फट सोडा, खालचा गेरू दिसू द्या.

बहुतेकांची नक्कल खडूसारखी होते ती टायटॅनियम व्हाइट या आजच्या नेहमीच्या पांढऱ्या रंगामुळे. १९११मध्ये तो चित्रकारांच्या पेटीत नव्हता; शिशाचा किंवा जस्ताचा पांढरा असे. टायटॅनियम इतर रंग पटकन गिळतो. जस्ताचा घ्या, पण जाड थर नको, तो ठिसूळ होऊन तडकतो. आणि कोकणातल्या दमट हवेतले पांढुरके डोंगर सवयीने इथे रंगवू नका.

तिरपा ब्रश: हेच म्हणतोय! दोन गट टिकतात, म्हणजे रचना आहे.

रंगपेटी: दोन गट कुठल्याही बऱ्या निसर्गचित्रात टिकतात. त्यात पार्थेनिसचं असं काय ते दाखवा.