रोंदा (स्पेन): गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना गाइडबरोबरची पायी फेरी झेपेल का?

मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन अंदालुसियाला (दक्षिण स्पेन) चाललो आहे. मुक्काम मालागाला आणि त्यातला एक दिवस डोंगरातल्या पांढऱ्या घरांच्या गावासाठी. बराच खल होऊन रोंदा ठरलं.

आई सत्तरीतही रोज टेकडी चढते. बाबांना चढाचं काही वाटत नाही, पण उतारावर गुडघे लगेच तक्रार करतात. ते इतिहासाचे शिक्षक होते, त्यामुळे पाट्या वाचत फिरणं त्यांना पुरत नाही, सांगणारं माणूस हवं. बहुतेक पायी फेऱ्या बैलझुंजीच्या रिंगणापासून निघतात, दरीवरच्या 'नव्या पुला'वरून जुन्या भागात जातात, आणि काही थेट खाली अरबी हमामापर्यंत (जुन्या स्नानगृहापर्यंत) उतरतात. नकाशावर अंतर किरकोळ वाटतं, पण नकाशात चढउतार कळत नाही. हमाम गाळून फेरी घेतली तर बाबांचं फार काही हुकेल का? शेवटी टिप द्यायच्या त्या 'फ्री टूर' बऱ्या की स्वतंत्र गाइड? आई शाकाहारी आहे, तेही सुचवा.

प्रतिसाद १:
स्वतंत्र गाइडच घ्या. मोठ्या घोळक्यात बाबांना पावलोपावली 'थांबा हो' म्हणावं लागेल आणि प्रश्नही विचारता येणार नाहीत.

गावाचे दोन भाग धरा. रिंगण (१७८५ चं) आणि कड्यावरची अलामेदा बाग जवळजवळ सपाटीवर आहेत. पूल ओलांडला की जुनं शहर, ला सिउदाद. तिथे चढउतार आहेत, पण सावकाश जमतील. पूल ९८ मीटर उंच, १७९३ मध्ये पूर्ण झाला. आधीचा पूल १७४१ मध्ये कोसळून पन्नासेक माणसं गेली होती, हे गाइडकडून ऐकाच. बाबांसाठी खरा ऐवज म्हणजे सांता मारिया ला मायोर. १४८५ मध्ये गाव मुस्लिम सत्तेकडून स्पेनच्या कॅथलिक राजाराणीच्या (फर्दिनांद आणि इसाबेल) हाती गेलं, त्यानंतर मशिदीच्या जागी हे चर्च उभं राहिलं. आत मिहराबच्या (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) कमानीचा तुकडा अजून दिसतो. जवळच मोंद्रागोन राजवाडा आहे.

हमाम मात्र पार खाली, नदीकाठी. छताला चांदणीच्या आकाराचे झरोके आहेत, आत शिरल्यावर क्षणभर बोलणं थांबतं. पण तिथवरचा रस्ता तीव्र उताराचा आणि दगडी फरसबंदीचा, पाऊस पडला की निसरडा. म्हणून बाबांना टॅक्सीने खाली सोडा, आईला गाइडबरोबर चालत येऊ द्या. वरही टॅक्सीनेच आणा. मूर राजाच्या घरातून दरीत नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या मात्र दोघांसाठीही सोडा. त्या ओल्या आणि अंधाऱ्या आहेत, आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं. पुलाचा तो प्रसिद्ध फोटो मिळणारी खालची वाटही अशीच आहे. ती तुम्ही एकट्याने करा, तोवर आईबाबांना कॉफी पाजा.

प्रतिसाद २:
खाण्याचं: मधातली तळलेली वांगी (बेरेनहेनास कोन मिएल) आणि गझपाचो (टोमॅटोचं थंड सूप) मागवा. साल्मोरेहो (त्याहून दाट थंड सूप) मागवलंत तर 'सिन हामोन' (हॅम नको) म्हणायला विसरू नका, वरून हॅम आणि अंडं भुरभुरतात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, हॅमला तिथे बऱ्याचदा मांसात धरत नाहीत! दुपारी काही दुकानं बंद असतात. आणि गाव सातशे मीटरच्या वर असल्यामुळे मालागापेक्षा सकाळी गार वाटेल, ज्येष्ठांना एक स्वेटर ठेवा.

मूळ लेखक:
दोघांचे आभार! टॅक्सीची युक्ती बाबांना पटली, आईला नाही. ती म्हणते, 'मी चालत उतरणार आणि चालतच चढणार.' आता एकच: मालागाहून बस बरी की रेल्वे? परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कुणाला ठाऊक असेल तर तीही कळवा.