बत्तीस बोर : सहातली दोन काडतुसं फुटलीच नाहीत, आता भरवशाची कुठली घ्यावीत?

बेदाणेवाला (तासगाव)

नमस्कार मंडळी. वडील गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर चढलं. कानपूरचं, बत्तीस बोर, सहा बारी, मधून मोडून उघडतं ते. बेदाण्याचे सौदे उरकून रोकड घेऊन यायला रात्र व्हायची, म्हणून वडिलांनी घेतलेलं. त्यांनी ते कधी कुणावर रोखल्याचं ऐकलं नाही. खंडेनवमीला बाहेर यायचं, हळदकुंकू लागायचं, परत कपाटात. २०२४ साली दोन निवडणुका झाल्या, तर दोनदा ठाण्यात जमा करून आलो तेवढाच त्याचा प्रवास.

गेल्या महिन्यात ठाण्यात विचारून, क्लबाच्या सचिवांची परवानगी काढून रेंजवर नेलं. म्हटलं बघू तरी चालतंय का. वडिलांची अठरा काडतुसं होती, बिल २००९ चं. ती त्यांनी चामड्याच्या पट्ट्यात ओवून ठेवलेली, एकेक घरात एकेक, बघायला देखणी. काढली तर चामडं लागत होतं तिथे हिरवट थर. मी शिलाई मशीनचं तेल लावून फडक्याने चकाचक पुसली आणि घेऊन गेलो.

पहिलं वाजलं, दुसरं वाजलं, तिसऱ्याला नुसतं टक्. रेंजवरच्या सरांनी हात धरला, तसंच समोर रोखून अर्धा मिनिट थांबायला लावलं. पाचव्याला परत टक्. म्हणजे सहाला चार. घरी येताना गाडीत एकच विचार, रात्री अकरा वाजता कवठ्याच्या रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली असती आणि ते टक् झालं असतं तर?

आता नवीन घ्यायची आहेत. परवान्यावर एका वेळी २५ आणि वर्षाला ५० असं लिहिलंय. मेव्हणा म्हणतो बत्तीसच्या पिस्तुलाची घे, ती जास्त जोराची असतात, बोर तोच आहे. खरं आहे का? आणि भरवशाचं काडतूस ओळखायचं कसं?

निवृत्त_आर्मरर (सातारा)

बाळा, आधी मेव्हण्याला काडतुसांपासून लांब ठेव.

परवान्यावर ‘.३२’ एवढंच दिसतं, त्यात ही गल्लत होते. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं. पिस्तुलाचं म्हणजे .३२ एसीपी, १८९९ चं. दोन वेगळ्या वस्तू. पिस्तुलाचं काडतूस आखूड, पण त्याच्याही बुडाला बारीक काठ असतो, त्यामुळे ते पुष्कळदा रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या (काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) घरात जाऊन बसतं. बसलं म्हणजे चाललं असं नव्हे. त्याचा दाब तुझ्या काडतुसापेक्षा बराच जास्त, आणि मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा सगळा जोर वरच्या एका खिटीवर असतो. परवाना, बिल, डबा आणि नळीवरचा छाप, चारही जुळले पाहिजेत.

आता तुझी काडतुसं. घरात पितळेचं पातेलं असेल तर आईला विचार, कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की काय होतं. कळकतं. तेच झालंय. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, ओल धरली की ते पितळ खातं. पट्टा हा फोटो काढायला आणि शिकारीच्या दिवशी कमरेला बांधायला. वर्षानुवर्षं काडतूस ठेवायची ती जागाच नव्हे. वर तू लावलंस तेल. काडतुसाच्या बुडाशी मधोमध जी बारीक टोपी असते, प्रायमर, तिच्या कडेने तेल झिरपतं आणि आतला मसाला मारतं. दरवेळी मारेलच असं नाही, म्हणून तर चार वाजली. माझी अर्धी नोकरी खडकीच्या केएफ छापाच्या काडतुसांत गेली. तो कारखाना १८६९ पासूनचा आहे, त्याला शिव्या घालायच्या आधी आपण काडतूस कसं ठेवलं होतं ते बघावं.

पण एक तपासणी राहिली. ती न फुटलेली दोन जपून ठेवलीत ना? त्यांच्या टोपीवर खिळ्याचा (चाप ओढला की टोपीवर आपटतो तो) खळगा पडला असेल. फुटलेल्या चारांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या शेजारी ठेव आणि उजेडात बघ. खळगे सारखेच खोल आणि मधोमध असतील तर दोष काडतुसाचा. न फुटलेल्यांवर नुसता ओरखडा असेल तर घोड्याची स्प्रिंग बसली आहे किंवा खिळा झिजलाय. मग तू सोन्याची काडतुसं आणलीस तरी टक्च होणार. लोक काडतुसं बदलत राहतात आणि स्प्रिंगकडे कुणी बघत नाही. असे पुष्कळ पाहिले.

ऑस्टिनकर

मी मूळचा सांगलीचा, चौदा वर्षं टेक्सासात. इकडे काडतुसांची निवड हा लोकांचा आवडता वाद, म्हणून थोडं लिहितो.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने चाचणीची पद्धत बसवली. अंगाच्या मांसाऐवजी १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळी झाडायची, मध्ये कधी कापड, कधी प्लायवूड, कधी गाडीची काच. गोळी निदान १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ च्या पुढे जाऊ नये. कमी गेली तर उपयोग नाही, फार गेली तर पलीकडच्या माणसाला लागते. इकडे बहुतेक जण पोकळ नाकाची गोळी वापरतात, ती आत फुलते आणि थांबते. मी ९ एमएमची फेडरल एचएसटी वापरतो, गोळीचं वजन १२४ ग्रेन. न्यू जर्सीत मात्र तीच गोळी घरात ठेवता येते, पण खिशात घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही. आमच्या एडिसनच्या मंडळींना हे माहीत असलेलं बरं.

भरवशासाठी इथला सल्ला असा, की जे काडतूस निवडाल त्याची निदान २०० स्वतःच्याच पिस्तुलातून न अडकता गेली पाहिजेत. आणि माझी एक चूक सांगतो. मी रोज रात्री पिस्तुलाच्या नळीत चढवलेलं वरचं काडतूस काढून सकाळी तेच परत भरायचो. तीन महिन्यांनी ते नव्याशेजारी उभं केलं तर बुटकं दिसलं. प्रत्येक वेळी नाक आपटून गोळी पुंगळीत आत ढकलली गेली होती. असं काडतूस वाजलं तर दाब भलताच वाढतो. तेव्हापासून वरचं काडतूस सारखं बदलतो आणि नख लावून उंची बघतो.

दादा, तुमच्याकडे पोकळ नाकाची मिळाली तर तीच घ्या असं मी म्हणेन.

कोल्हापुरी_रस्सा

बेदाणेवाले, बत्तीस बोर बिबट्यासाठी धरून ठेवलंय का? आमच्याकडे उसात बिबट्या दिसला की प्रत्येकाला आपलं रिव्हॉल्व्हर आठवतं. त्यापेक्षा बॅटरी आणि फटाके बरे. हलकं घ्या.

निवृत्त_आर्मरर (सातारा)

ऑस्टिनकर, छान लिहिलंत. उंचीची गोष्ट तर पिस्तूलवाल्यांनी वहीत उतरवून घ्यावी. पण दोन ठिकाणी तुमचं गणित इथे लागत नाही.

एक, वर्षाला ५० काडतुसांचा माणूस २०० कुठून झाडणार? चार वर्षांचा कोटा एका दुपारी?

दोन, पोकळ नाक. तुमचं ९ एमएम इथे प्रतिबंधित बोर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आमचं बत्तीस म्हणजे ९८ ग्रेनची शिशाची गोळी, सेकंदाला सातशे फुटांच्या आसपास. तुमच्या गोळीची ताकद हिच्या तिपटीहून जास्त. पोकळ नाक फुलायला वेग लागतो. सातशे फुटांना ते कापडाने बुजतं आणि साध्या गोळीसारखंच जातं. फुललंच चुकून, तर आधीच कमी असलेली खोली आणखी कमी. म्हणून या बोराला साधी, भरीव शिशाची गोळी. कंटाळवाणी आहे, पण बरोबर आहे. ‘कुठली गोळी माणूस उडवते’ हा प्रश्न मला पस्तीस वर्षं विचारला गेला. बत्तीस बोरवाल्याने तो विचारूच नये. त्याने विचारावं, चाप ओढल्यावर वाजेल का आणि मला तिथे मारता येतं का.

बेदाणेवाले, तू असं कर. पंचवीस घेशील ती एकाच लॉटची घे, डब्यावर नंबर असतो. दुकानात डबा उघडून प्रत्येक काडतूस हातात धर. टोपी बुडाशी सपाट आहे का, जराशी आतच बरी. वर आलेली असेल तर सिलिंडर घासून अडतो. गोळी बोटाने फिरवून बघ, हलता कामा नये. पुंगळीला चीर, पोचा, डाग काही नको. मग घरी नव्हे, रेंजवरच रिकाम्या सिलिंडरमध्ये सहा घाल आणि बघ, सगळी आपल्या वजनाने खाली बसतात का. अंगठ्याने दाबावं लागलं तर एकतर घर घाण आहे किंवा काडतूस वाईट.

बारा झाड. सहा घोडा मागे ओढून, सहा नुसत्या चापावर. नुसत्या चापावर घोडा कमी मागे जातो, ठोका जरा हलका बसतो, स्प्रिंगची खरी परीक्षा तिथे होते. बाराच्या बारा वाजली तर उरलेली तेरा तुझी. पुढच्या वर्षी नवीन आण आणि जुनी सरावाला वापर. दहा-पंधरा वर्षं तीच सांभाळण्यात कसली बचत?

ठेवायला प्लास्टिकचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, वर तारीख. तेल फक्त रिव्हॉल्व्हरला, आणि भरायच्या आधी सिलिंडरची सहाही घरं कोरड्या फडक्याने पुसायची.

अजून एक, टक्पेक्षा वाईट असतं फुस्. आवाज दबका आला, झटका लागला नाही, की तिथेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी गेली तर नळी फुटते. उघड, सगळी काढ, नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघ.

उरलेली बारा आणि ती दोन टाकून देऊ नकोस, विहिरीत तर अजिबात नको, आणि कुणाला खोलून दारू काढायला देऊ नकोस. दुकानदाराकडे किंवा ठाण्यात लेखी जमा कर, पोच घे. परवान्यावरचा हिशोब जुळला पाहिजे.

बेदाणेवाला (तासगाव)

काका, उशीर झाला, मध्ये छाटणी आली. पुंगळ्या आणि ती दोन काडतुसं ओळीने मांडून मोबाईलच्या बॅटरीत बघितली. खळगे सगळे सारखे, मधोमध. मुलाने भिंग आणलं शाळेच्या दप्तरातून (नुसत्या पुंगळ्याच दाखवल्या त्याला), तरी फरक नाही. म्हणजे रिव्हॉल्व्हर निर्दोष, मीच तेल लावून घालवली.

पंचवीस आणली. दुकानदार कुरकुरला, पण एकेक हातात घेऊन बघू दिली. एकाची गोळी जराशी वाकडी बसलेली होती, ती त्याने न बोलता बदलून दिली. परवान्यावर नोंद झाली. रविवारी बारा झाडली, बाराही वाजली. नुसत्या चापावर मात्र सहातली दोनच कागदाला लागली, ती पण कोपऱ्यात, आणि कागद दहा पावलांवर होता. बाकीची मातीच्या बांधात.

रेंजवरचे सर म्हणाले, काडतूस झालं, आता माणसाकडे बघू. पुढच्या रविवारपासून एअर पिस्तुलावर बसवणार आहेत, त्याला कोटा लागत नाही.

जुनी चौदा जमा केली, पोच मिळाली. पट्टा आई टाकू देत नाही. रिकामाच खुंटीला आहे.

निवृत्त_आर्मरर (सातारा)

राहू दे की खुंटीला. तुझं ते शिलाई मशीनचं तेल त्याला लाव, नाहीतर चामडं तडकेल.