पी. टी. उषा: ऑलिंपिक पदक नाही म्हणून मोठी नाही?

जुनी_धावपट्टी:
काल इथे एकाने लिहिलं, "उषाचं कौतुक पुरे झालं, ऑलिंपिक पदक कुठाय?" वाचून डोकं फिरलं. १९८५, जकार्ता: १००, २००, ४००, ४०० अडथळे आणि ४×४०० रिले. एकाच आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं! पुढच्या वर्षी सोल एशियाडला चार, शिवाय १०० मीटरला रौप्य. आणि ८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला ४०० अडथळ्यांत ५५.४२ सेकंद, तिसरी आलेली कोजोकारू ५५.४१. पहिली सुरुवात उषाने झकास घेतली होती. दुसऱ्याच मुलीच्या फाउलमुळे ती रद्द झाली.

कृष्णाकाठ:
ते लिहिणारा मीच. ८४ला रशिया, पूर्व जर्मनी बहिष्कार टाकून आलेच नव्हते. ते नसताना चौथी. ८८च्या ऑलिंपिकला पहिल्याच फेरीत बाहेर. हे बोलायचंच नाही का?

जुनी_धावपट्टी:
८८ला टाच दुखावलेली होती! रुमानियाने बहिष्कार मोडला आणि कोजोकारू त्यांचीच, हेही बोला की.

तिसरा_लेग:
तुम्ही दोघंही फक्त उषावरच भांडताय. रिलेत चौघी पळतात. वल्सम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम, उषा. लॉस एंजेलिसला ह्याच चौघी ४×४००च्या फायनलला गेल्या, सातव्या आल्या. शायनी तर सोल एशियाडला ८००मध्ये पुढे होती, लेन लवकर सोडली म्हणून बाद. तरी रिलेला उभी राहिली आणि सुवर्ण घेऊन आली. तिच्यावर धागा कोण काढतं?
मी जिल्ह्याला ४×१०० पळायचे. तिसरा लेग, म्हणजे तिसरा टप्पा, वळणावरचा. आम्ही जिंकलो तेव्हा पेपरात फोटो एकटीचा, शेवटच्या मुलीचा. आईने तरी कात्रण जपून ठेवलंय. अजून टोचतं.

जुनी_धावपट्टी:
ताई, विषय उषाचा आहे. रिले तिच्यामुळेच जिंकायचे.

तिसरा_लेग:
"तिच्यामुळेच"? बॅटन हवेतून येतो का? १९९८, फुकुओकाची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, ४×१०० सुवर्ण: रचिता मिस्त्री, शायला, सरस्वती साहा आणि उषा. एकटीने आणलं असतं का?

कृष्णाकाठ:
थांबा, ९८? म्हणजे उषा ३४ वर्षांची, मूल झाल्यावर?

तिसरा_लेग:
हो. शिवाय २०० आणि ४००ला ब्राँझ. एवढंही माहीत नव्हतं आणि "कौतुक पुरे"?

कृष्णाकाठ:
नव्हतं माहीत. "पुरे" हा शब्द मागे घेतो. बहिष्काराचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

जुनी_धावपट्टी:
नका सोडू. आणि ताई, चौघींची नावं मी आधीच लिहायला हवी होती.