एडफूच्या भिंतीवरचा पाणघोडा

बी-४०१, बाई: (फोटो) (फोटो)
सुप्रभात मंडळी. परवा रात्री इजिप्तहून परतले. पिरॅमिडचे फोटो सगळ्यांनी मागितलेत, ते संध्याकाळी टाकते. आधी हे बघा. एडफू गावातलं होरस देवाचं देऊळ. होरस नावेत उभा आहे, हातात भाला आहे आणि भाल्याच्या टोकाशी, अगदी खाली, एक छोटासा प्राणी आहे. मोठं करून बघा आणि ओळखा.

डी-३०२: बाई, आमची सातवीतली म्हणतेय डुक्कर.

बी-४०१, बाई: जवळ आली! पाणघोडा आहे तो. म्हणजे होरसचा काका सेत, पाणघोड्याच्या रूपात. भिंतीवर कोरलेलं चित्र जिवंत होऊ शकतं अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून वैरी मुद्दाम एवढासा कोरायचा. नाईलमधला खरा पाणघोडा नाव उलटवून माणूस मारतो, तो इथे होरसच्या पावलाएवढाही नाही. मी त्या भिंतीसमोर अर्धा तास उभी होते. गाईड पुढे निघून गेला.

डी-३०२: तिला गोष्ट हवी आहे.

बी-४०१, बाई: सांगते. ओसायरिस हा राजा. त्याचा भाऊ सेत, त्याने गादीसाठी भावाला मारलं आणि देहाचे तुकडे करून देशभर फेकले. ओसायरिसची बायको आयसिस नाईलच्या काठाकाठाने फिरली, एकेक तुकडा शोधला, बांधला आणि मंत्राने त्याला क्षणभर जागवलं. त्यातून होरस झाला. तिने त्याला नदीच्या मुखाजवळच्या लव्हाळ्यांत लपवून वाढवलं. मोठा झाल्यावर त्याने सेतशी लढून बापाची गादी परत घेतली. म्हणून इजिप्तमध्ये गादीवर असलेला प्रत्येक राजा होरस आणि मेलेला प्रत्येक राजा ओसायरिस.

ए-२०४, नाना: फार छान बाई. पाच हजार वर्षं जुनं असेल ना हे देऊळ?

बी-४०१, बाई: नाही नाना, आणि हेच मला सांगायचं होतं. हे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. पाया घातला तेव्हा आपल्याकडे सम्राट अशोक गादीवर होता. बांधणारे राजे इजिप्शियन नव्हतेच, ग्रीक बोलणारे मॅसिडोनियन होते. टॉलेमी घराणं, प्राचीन इजिप्तचं शेवटचं राजघराणं. आज सगळ्यात धडधाकट उभी असलेली देवळं घ्या. एडफू, डेंडेरा, कोम ओम्बो, फिले. चारही मुख्यतः त्यांच्याच काळातली.

सी-१०३: क्लिओपात्राचं घराणं ना?

बी-४०१, बाई: तेच. सुरुवात सिकंदरापासून. इ.स.पू. ३२३ मध्ये तो बॅबिलॉनला वारला आणि सरदारांनी मुलुख वाटून घेतला. लागसचा मुलगा टॉलेमी याने इजिप्त मागून घेतला. सिकंदराचं शव मॅसिडोनियाकडे चाललं होतं, ते याने वाटेतच वळवून स्वतःकडे आणलं. आधी मेम्फिसला ठेवलं, मग अलेक्झांड्रियाला नेलं. ज्याच्याकडे सिकंदर, तोच वारस, असा हिशेब. इ.स.पू. ३०५ च्या सुमारास त्याने राजा ही पदवी घेतली. पुढे पावणेतीनशे वर्षं घराणं टिकलं आणि गादीवर बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं नाव टॉलेमीच.

ए-२०४, नाना: पण बाई, मग ते परकेच की. मुलुख बळकावला, कर वसूल केला आणि देवळं बांधून लोकांना गप्प केलं. त्यांचं कौतुक का करायचं?

बी-४०१, बाई: कराबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, नाना. धान्य, तेल, मीठ, कशालाही त्यांनी सोडलं नाही. आणि लोक काही गप्प बसले नव्हते. इ.स.पू. २१७ ला राफियाच्या लढाईसाठी टॉलेमी चौथ्याने पहिल्यांदाच वीसेक हजार देशी माणसांना ग्रीक पद्धतीचं भालाईताचं शिक्षण दिलं. लढाई जिंकली, पण शस्त्र हाती आलेले लोक घरी जाऊन शांत कसे बसतील? दक्षिणेत बंड पेटलं. थीब्जला वीस वर्षं देशी फॅरो, म्हणजे इजिप्शियन राजे, राज्य करत होते, होरवेनेफर आणि त्याच्यानंतर अंखवेनेफर. एडफूचं कामही तेव्हा थांबलं. बंडखोर देवळात लपले होते, हे त्याच देवळाच्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

ए-२०४, नाना: हे माहीत नव्हतं. नोंद ठेवली हे विशेष.

सी-१०३: राफियाला हत्ती पण होते ना?

बी-४०१, बाई: होते. समोरच्या सिरियाच्या राजाकडे भारतातले हत्ती, टॉलेमीकडे आफ्रिकेतून पकडून आणलेले. आफ्रिकेतले हत्ती आपल्या हत्तींचा वास आणि चीत्कार सहन न होऊन मागे फिरले, असं इतिहासकार पॉलिबियस लिहितो. तरी लढाई टॉलेमीने जिंकली.

सेक्रेटरी: सर्व सदस्यांना सूचना. उद्या वरच्या टाक्यांची सफाई आहे. सकाळी ११ ते दुपारी २ पाणी बंद राहील. कृपया आधीच भरून ठेवावे.
बाई, चर्चा चालू ठेवा, मीही वाचतोय. तो तीन लिप्यांचा दगड याच घराण्याचा ना?

बी-४०१, बाई: होय, आणि तो या बंडातूनच आलाय! टॉलेमी पाचवा पाच-सहा वर्षांचा असताना गादीवर आला. दक्षिण हातातून गेलेली. पुजारी बाजूने असल्याशिवाय राज्य टिकणार नव्हतं. म्हणून इ.स.पू. १९६ मध्ये मेम्फिसला पुजाऱ्यांची सभा भरली. राजाने देवळांना करांत सवलती दिल्या आणि पुजाऱ्यांनी ठराव केला की प्रत्येक मोठ्या देवळात राजाची मूर्ती बसवून पूजा करू. ठराव देवांच्या लिपीत म्हणजे चित्रलिपीत, लोकांच्या लिपीत आणि ग्रीकमध्ये कोरायचा. तोच रोझेटाचा दगड. १७९९ मध्ये रशीद गावात किल्ल्याची डागडुजी करताना फ्रेंच सैनिकांना सापडला. आज तो लंडनला आहे.

सी-१०३: आणि त्यावरून चित्रलिपी वाचता आली. नेमकी कशी, ते मला कधी नीट कळलं नाही.

बी-४०१, बाई: राजाचं नाव लांबट कड्यात लिहायची पद्धत होती. रोझेटावर कड्यात टॉलेमी होतं. फिलेच्या एका स्तंभावर दुसरं नाव मिळालं, क्लिओपात्रा. आपली प्रसिद्ध क्लिओपात्रा नव्हे, तिच्या आधीची. आता दोन्ही नावांत ‘ल’ आहे ना? टॉलेमीच्या कड्यात चौथं चिन्ह बसलेला सिंह, क्लिओपात्राच्या कड्यात दुसरं चिन्ह तोच सिंह. म्हणजे सिंह हा ‘ल’. प चा चौकोन आणि ओ चा फास, तेही तसेच जुळले. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये या धाग्यावरून पुढचं सगळं उलगडलं. नाना, म्हणून मला या घराण्याबद्दल माया वाटते. परक्यांची नावं त्या लिपीत एकेका अक्षराने लिहावी लागली, म्हणून ती लिपी आपल्याला परत मिळाली.

डी-३०२: मुलीने वहीत सिंह काढला.

बी-४०१, बाई: शाब्बास! बाजूला चौकोनही काढायला सांगा.

ए-५०१, ताई: बाई, माझी एक भर. आकाशात सिंह राशीच्या शेपटीजवळ ‘अरुंधती केश’ नावाचा फिकट तारकासमूह आहे. पाश्चात्त्य लोक त्याला बेरेनिकेचे केस म्हणतात. ती बेरेनिके याच घराण्यातली राणी. नवरा टॉलेमी तिसरा सिरियावर स्वारीला गेला तेव्हा तिने नवस बोलला, सुखरूप परत आला तर केस वाहीन. तो आला, तिने केस कापून देवळात ठेवले. दुसऱ्या दिवशी केस गायब. दरबारी ज्योतिषी कोनॉनने आकाशात बोट दाखवलं, ते बघा, देवांनी वर नेले. गच्चीवर मार्च-एप्रिलमध्ये दाखवीन सगळ्यांना, शहराच्या उजेडात दुर्बीण लागेल.

बी-४०१, बाई: ताई, मी नक्की येणार. मात्र त्या बेरेनिकेचा शेवट वाचून मला फार वाईट वाटलं होतं. नवरा गेला, मुलगा टॉलेमी चौथा गादीवर आला आणि लवकरच तिचा खून झाला. या घरात भाऊ, आई, मुलगा, कोणी कोणाला सोडलं नाही. डेंडेराच्या देवळात कितीतरी नावाची कडी कोरीच आहेत. राजे इतके पटापट बदलत होते की नाव कोणाचं घालावं हे कारागिरांना कळेना, असं मानतात. मी त्या कोऱ्या कड्यावरून हात फिरवला नाही, मनाई आहे, पण वाटलं होतं.

सी-१०३: बाई, भावा-बहिणीची लग्नं मात्र पचत नाहीत.

बी-४०१, बाई: ग्रीकांनाही पचली नव्हती. टॉलेमी दुसऱ्याने सख्ख्या बहिणीशी, आर्सिनोएशी लग्न केलं. दरबारी कवींनी झ्यूस आणि हेरा या ग्रीक देवदंपतीचा दाखला दिला. इजिप्तच्या लोकांपुढे ओसायरिस आणि आयसिस होतेच, तेही भाऊबहीण. राजकारण असं की बाहेरच्या घराण्याचा जावई नको, वाटेकरी नको. पण त्यामुळे शत्रू घरातच जन्मू लागले.

ए-२०४, नाना: म्हणजे देवांची गोष्ट राज्यासाठी वापरली.

बी-४०१, बाई: वापरली, आणि त्यांनी नवा देवही पुढे आणला. मेम्फिसला पवित्र बैल असायचा, एपिस. तो मेला की ओसायरिसमध्ये मिळाला असं मानत. त्या ओसायरिस-एपिसला ग्रीक चेहरा दिला, दाट दाढी, कुरळे केस आणि डोक्यावर धान्य मोजायचं माप. नाव सेरापिस. पण नाना, लोकांनी तो मनापासून पुजला, पार रोमपर्यंत. राजाचा हेतू काहीही असो, नवस बोलणाऱ्या बाईचा नवस खरा असतो. आणि आयसिस तर घराणं संपल्यावरही टिकली. फिलेच्या तिच्या देवळात इ.स. ३९४ मध्ये शेवटचा चित्रलिपीतला लेख कोरला गेला.

सेक्रेटरी: आता क्लिओपात्रा सांगा बाई. खरंच एवढी सुंदर होती का?

बी-४०१, बाई: ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, तिचं रूप काही अतुलनीय नव्हतं, पण बोलणं आणि आवाज असा की माणूस बांधला जायचा. त्यानेच पुढे लिहिलेली गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे. ती अरब, हिब्रू, सिरियन, पार्थियन अशा कितीतरी लोकांशी दुभाष्याविना बोलायची. आणि तिच्या आधीच्या राजांनी इजिप्तची भाषा शिकण्याचे कष्टच घेतले नव्हते. अडीचशे वर्षं राज्य केलं आणि शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारी पहिली तीच! अठराव्या वर्षी गादी, भावाने हाकलून दिलं, रोमन सेनापती सीझरच्या मदतीने परत आली. तिने स्वतःला नवी आयसिस म्हणवलं. लोकांना हे ढोंग वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची भाषा बोलणारी आयसिस होती ती.

ए-२०४, नाना: हे मात्र मला पटलं. भाषा शिकली ती आपली.

बी-४०१, बाई: इ.स.पू. ३१ मध्ये अॅक्टियमच्या समुद्री लढाईत ती आणि तिचा रोमन जोडीदार अँटनी हरले. पुढच्या वर्षी जिंकलेला रोमन नेता ऑक्टेव्हियन अलेक्झांड्रियात शिरला आणि ती ३९ व्या वर्षी गेली. सापाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण खरं काय ते कोणालाच माहीत नाही, असं प्लुटार्कच म्हणतो.

सी-१०३: भारताशी काही संबंध?

बी-४०१, बाई: आहे ना. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांची नावं आहेत, त्यात तुरमय म्हणजे टॉलेमी दुसरा. गिरनारला तो लेख आहे. आपल्या नालासोपाऱ्याला त्याच मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले, ते मुंबईच्या संग्रहालयात आहेत. आणि टॉलेमी आठव्याच्या वेळची हकिकत ऐका. तांबड्या समुद्राच्या किनारी पहारेकऱ्यांना एका जहाजात एकटा, अर्धमेला माणूस सापडला. भाषा कळेना. त्याला ग्रीक शिकवल्यावर तो म्हणाला, मी भारतातून निघालो, वाट चुकली, सोबती उपाशी मेले. त्यानेच वाट दाखवायचं कबूल केलं आणि युडॉक्सस नावाचा खलाशी भारतात जाऊन सुगंधी द्रव्यं आणि रत्नं घेऊन आला. त्या भारतीयाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. मला ते फार लागतं.

डी-३०२: बाई, मुलगी विचारतेय क्लिओपात्राच्या मुलांचं काय झालं.

बी-४०१, बाई: (फोटो) हा बघ बाळा, डेंडेराच्या मागच्या भिंतीवर. मागची आकृती क्लिओपात्राची, तिच्या पुढे सीझरपासून झालेला मुलगा सिझेरियन, देवांना धूप दाखवतोय. हरल्यावर तिने त्याला खूप धन देऊन इथिओपियाच्या वाटेने भारताकडे पाठवलं. सतरा वर्षांचा होता. पण त्याचा शिक्षक रोडॉन याने त्याला समजावून मागे फिरवलं, ऑक्टेव्हियन तुला राज्य देईल म्हणून. ऑक्टेव्हियनने मारलं त्याला. त्याची बहीण सेलेने मात्र वाचली, उत्तर आफ्रिकेत मॉरेतानियाची राणी झाली.

डी-३०२: ती विचारतेय, तो मागे फिरला नसता तर कुठे उतरला असता?

बी-४०१, बाई: शतकभराने एका ग्रीक व्यापाऱ्याने या सागरी वाटेचं वर्णन लिहिलं, पेरिप्लस. त्यात तो सांगतो, जहाजं जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघतात, म्हणजे पावसाळी वारा पाठीशी. आणि किनाऱ्यावरची बंदरं लिहितो, भडोच, सोपारा, कल्याण, चौल. तेव्हा तिला सांगा, नकाशात सोपारा शोध, आणि तांबड्या समुद्रापासून तिथपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढ.

डी-३०२: ओढली. (फोटो)