मदत हवी आहे: गावाच्या पूरनकाशात भिंतीवरच्या खुणा कशा बसवू?

शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठच्या आमच्या गावाचा नकाशा करतोय. पाणी किती चढलं की कुठली गल्ली आधी रिकामी करायची, एवढंच त्यातून कळायला हवं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३) सगळ्यांच्या तोंडी असते, पण आमच्याकडे खालून कृष्णेची फुगही (मागे दाटून चढणारं पाणी) येते, त्यामुळे तेवढ्या आकड्यावर भागत नाही.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेली, दर ३० मीटरला एक अशी उंची वापरून पाहिली. घरांची छपरं आणि झाडं ती जमीनच धरते, देवळाची गल्ली ओढ्यापेक्षा खाली दाखवते! सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार चित्रांत शिवारातलं उघडं पाणी दिसतं, उसातलं आणि घरांमधलं नाही.

हाताशी २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा आहेत, जागेसकट नोंदवलेल्या. ड्रोन परवडणार नाही; डंपी लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) उसनी मिळेल. मोबाइलची जीपीएस उंची सुचवू नका, ती दर वेळी वेगळी येते.

खुणांची उंची डंपीने ग्रामपंचायतीच्या पायरीपासून मोजून त्यावरून गल्ल्यांचा क्रम लावला तर चालेल का? आणि तो राजाराम बंधाऱ्याला जोडू, की कृष्णा-पंचगंगा संगमावरच्या नृसिंहवाडीच्या पातळीला?