मदत हवी आहे : ध्यान-शिबिरातली समता (म्हणजे मनाचा समतोल) घरात कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात विपश्यनेचं पहिलंच १० दिवसांचं शिबिर केलं. सुरुवातीचे साडेतीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास बघायचा, मग विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या. पहाटे ४ ची घंटा, आर्यमौन (म्हणजे कुणाशी बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत), आणि तासभर न हलता बसायची ती अधिष्ठानाची बैठक! गुडघ्यातून कळा यायच्या, मन 'नको, नको' म्हणायचं, आणि नुसतं बघत राहिलं की दुखणं आपोआप बदलायचं. आवडनावड कुठे जन्मते ते तिथे मला पहिल्यांदा दिसलं.

घरी आल्यावर मात्र सगळं निसटतंय. परवा कामाच्या मावशी दीड तास उशिरा आल्या. त्या दारात यायच्या आधीच 'आता नवीन सबब सांगणार' असं मी ठरवून मोकळी. त्यांच्या नातवाला रात्रभर ताप होता. मला अजून वाईट वाटतंय. सासूबाईंच्या आमटीत गूळ जास्त पडला तरी कपाळावर आठी येतेच.

सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगितलंय. मला सकाळचा जेमतेम अर्धा तास जमतो.

जुन्या साधकांना विचारायचंय : मत बनण्याआधीचा क्षण पकडता येतो का, की आधी बनू द्यायचं आणि मग सोडायचं? आणि मुलाच्या अभ्यासासारख्या बाबतीत, जिथे ठाम बोलावंच लागतं, तिथे समता कुठली आणि बेफिकिरी कुठली, हे कसं ओळखता? घर-नोकरी सांभाळून साधना करणाऱ्यांनी जरूर लिहा.