पंपाचा कट्टा जुन्या कोब्यावरून सुटला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमचं रो हाऊस आहे. मागच्या अंगणात जमिनीखालची टाकी आणि शेजारी अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप. पाऊस लागला की तिथे इंच-दीड इंच पाणी तुंबतं, एकदा मोटरचं वाइंडिंग जळूनही झालंय. म्हणून गेल्या मे महिन्यात जुन्या कोब्यावरच तीन बाय दोन फुटांचा कट्टा घालून घेतला. मला चार इंच हवा होता, गवंड्याने दीड इंचात भागवलं. गणपती येईपर्यंत तो सुटला. फुटला नाही हं, सुटला. तूप लावलेल्या थाळीतून वडी निघावी तसा, अख्खा. आता पंप चालू केला की कट्ट्यासकट थरथरतो आणि पाइपाच्या जोडातून पाणी गळतं.

गवंडी म्हणतो, "या वेळी सिमेंट जास्त टाकू." मला ते पटत नाहीये. मागच्या वेळी त्याने झाडू मारला, पाणी शिंपडलं, कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि माल ओतला. खडी पाऊण इंची. कोब्यावरचं शेवाळ खरवडलं का, देव जाणे. मी ऑफिसात होतो आणि देखरेखीला आई, तिने त्याला तीनदा चहा दिला एवढं नक्की. शिवाय कोब्याला एक जुनी चीर आहे, ती नेमकी कट्ट्याच्या मधोमध येते.

कोबा फोडायचा नाही, टाकी अगदी लागून आहे. काम जूनआधी उरकायचंय. काय करू?

ओळंबा:
शेवाळावर काहीच धरत नाही, सिमेंट दुप्पट घातलं तरी. तारेच्या ब्रशने घासा, छिन्नीने दाट टाचे मारा, धुवा. आदल्या रात्री कोबा भिजवून ठेवा, पण ओतताना पाणी साचलेलं नको. एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रावण) मिसळलेली सिमेंटची पातळ स्लरी ब्रशने चोळा आणि ती ओली असतानाच माल टाका. स्लरी वाळली तर तीच थाळीवरचं तूप होते. आणि खडीचा आकार जाडीच्या चौथाईपेक्षा मोठा नको, म्हणजे दीड इंचात पाऊण इंची खडी चूकच.

खाडीकाठ:
ओळंबा, पद्धत बरोबर आहे, पण खाली चीर आहे ना! घट्ट चिकटवलं तर आज ना उद्या तीच चीर वर येणार. पंपाच्या कट्ट्याला चिकटायची गरजच काय? जाड प्लास्टिक अंथरा, फळ्या लावून पूर्ण चार इंच ओता, मध्ये 8 मिमी सळ्यांची जाळी टाका. दोन घनफूट काँक्रीट म्हणजे साधारण 135 किलो. तुमचा पंप त्याला काय हलवणार? पातळ असेल तर चिकटलेलं हवं, सुटं ठेवायचं तर जाड हवं. तुमचं पातळही होतं आणि सुटंही.

ओळंबा:
मान्य, चिरेचं मी धरलंच नव्हतं. वाचणाऱ्या इतरांनी मात्र हे गच्चीवर करू नये. चार इंच म्हणजे चौरस मीटरला 240 किलो, आणि घरातल्या मजल्यासाठीसुद्धा वापराचा भार 200 किलोच्या आसपासच धरतात.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. चार इंच, सुटा, ठरलं. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण 1:1.5:3 बरोबर ना? हिशेबाने अर्ध्या गोणीच्या आत सिमेंट लागेल. आणि बोल्ट आत्ताच बसवू की नंतर भोकं पाडू?

खाडीकाठ:
प्रमाण बरोबर. तेवढ्या सिमेंटला पाणी 12 लिटरच्या वर जाऊ देऊ नका. गवंडी मालाची आमटी करायला बघेल, तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. बोल्ट आत्ताच. पंपाच्या भोकांचा साचा प्लायवर पाडा, त्यात बोल्ट अडकवा आणि ओल्या मालात बसवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. हे काम आईंना सांगा.